क्लिप तीच, निकाल उलटा

२७ ऑगस्ट २०१८. म्युनिकमध्ये युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांची वार्षिक परिषद भरली होती. तिथे फ्रान्समधल्या ल्यों शहराचे हृदयशल्यविशारद ज्याँ-फ्रांस्वा ओबादिया यांनी एका चाचणीचा निकाल मांडला. हृदय कमजोर होऊन फुगलेलं आणि त्यापायी मायट्रल झडप गळायला लागलेली, असे ३०४ रुग्ण. निम्म्यांना नुसती औषधं. उरलेल्यांना औषधं तर होतीच, शिवाय झडपेवर एक चिमुकली क्लिप, छाती न उघडता मांडीच्या शिरेतून नेऊन बसवलेली. वर्षभरात मृत्यू झाला किंवा हार्ट फेल्युअरमुळे अचानक भरती करावं लागलं, असे क्लिपच्या गटात ५४.६ टक्के निघाले आणि नुसत्या औषधांच्या गटात ५१.३ टक्के. फायदा काहीच नाही.

बरोबर २७ दिवसांनी, २३ सप्टेंबरला, अमेरिकेत सॅन दिएगोमध्ये दुसरी परिषद. तिथे अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ ग्रेग स्टोन यांनी ६१४ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल सांगितला. क्लिप तीच, कंपनी तीच, आजाराचं नावही तेच. दोन वर्षांत नुसत्या औषधांवरचे ४६.१ टक्के रुग्ण दगावले होते आणि क्लिप बसवलेल्यांपैकी २९.१ टक्के. साधा हिशेब केला तर सहा जणांना क्लिप बसवली की दोन वर्षांत एक जीव वाचतो. हृदयरोगाच्या औषधोपचारात इतका मोठा फरक वर्षानुवर्षं दिसत नाही.

फ्रान्सच्या चाचणीचं नाव मित्रा-एफआर. (मराठी कानाला हे कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटतं, त्याला इलाज नाही.) अमेरिकेतल्या चाचणीचं नाव कोॲप्ट. दोन्ही शोधनिबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्येच छापून आले. एकीला खोटं ठरवून मोकळं होण्याची सोय कुणालाच नव्हती.

प्रकरण आहे ते हे. ते नीट कळायला आधी झडपेपाशी जायला हवं.

दाराचा दोष की चौकटीचा

हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्पे असतात. वरच्यात फुप्फुसांकडून शुद्ध रक्त येतं, खालचा ते जोरात शरीरभर ढकलतो. या दोहोंच्या मधलं दार म्हणजे मायट्रल झडप. तिला दोन पाकळ्या असतात. पाकळ्यांच्या कडांना खालून बारीक दोऱ्या बांधलेल्या असतात आणि त्या दोऱ्या खालच्या कप्प्याच्या भिंतीतून वर आलेल्या स्नायूंच्या खुंटांना जोडलेल्या असतात. खालचा कप्पा आवळला की पाकळ्या एकमेकींना भिडतात. दोऱ्या ताठ होतात, त्यामुळे पाकळ्या वरच्या बाजूला उलटत नाहीत. दिवसाला लाखभर वेळा हे चालतं.

झडप गळते म्हणजे या मिटण्यात फट राहते. प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त पुढे जायचं सोडून मागे, वरच्या कप्प्यात जातं आणि तिथून फुप्फुसांच्या दिशेला दाब टाकत राहतं. मग जिना चढताना दम लागतो, संध्याकाळी पावलांवर सूज येते. रात्री आडवं झालं की घुसमटल्यासारखं होतं आणि माणूस उशीवर उशी रचून अर्धवट बसूनच झोपतो. घरच्यांना आधी दिसतात त्या या वाढत गेलेल्या उशा.

फट पडण्याची कारणं मात्र दोन अगदी वेगळ्या जातींची आहेत. जुन्या वाड्यातलं दार नीट लागत नसेल तर एक शक्यता अशी की फळीच वाकली किंवा बिजागरी सुटली. तिथे सुताराचं काम. पाकळी सैल पडणं, एखादी दोरी तुटणं, हा झडपेचा स्वतःचा दोष झाला. दुसरी शक्यता अशी की दार उत्तम आहे, पण भिंत खचली आणि चौकट फाकली. हार्ट अटॅकनंतर किंवा हृदयाचा स्नायू दुबळा पडल्यावर खालचा कप्पा फुगतो. खुंट लांब सरकतात, दोऱ्या पाकळ्यांना खाली आणि बाहेर ओढतात, झडपेचं कडं रुंदावतं. पाकळ्या निरोगी असूनही एकमेकींपर्यंत पोचत नाहीत. याला डॉक्टर ‘फंक्शनल’ किंवा ‘सेकंडरी’ गळती म्हणतात. मित्रा-एफआर आणि कोॲप्ट या दोन्ही चाचण्या या दुसऱ्या जातीच्या होत्या.

इथेच सगळ्या वादाचं मूळ आहे. चौकट फाकली म्हणून दार लागत नसेल, तर दोन फळ्या मधोमध खिळ्याने ठोकून काय मिळणार? घर तर खचतंच आहे. पण त्या फटीतून येणारं पाणीच भिंत आणखी खचवत असेल तर? गळतीमुळे खालच्या कप्प्यावर जास्तीच्या रक्ताचा भार पडतो, तो आणखी फुगतो, फट आणखी वाढते. हे चक्र कुठे तोडायचं आणि तोडून उपयोग होतो का, याचं उत्तर २०१८ पर्यंत कुणाकडेच नव्हतं. अशा रुग्णांत शस्त्रक्रियेने झडप दुरुस्त करता येत होती, पण त्याने आयुष्य वाढतं असं कुणाला सिद्ध करता आलेलं नव्हतं.

मिलानचा टाका

क्लिपची कल्पना एका टाक्यातून आली. १९९१ मध्ये मिलानच्या सान राफाएले रुग्णालयात हृदयशल्यविशारद ओत्ताविओ अल्फिएरी यांनी गळक्या झडपेच्या दोन पाकळ्या मधोमध एकमेकींना शिवून टाकल्या. झडपेला एका तोंडाऐवजी दोन तोंडं झाली, आठच्या आकड्यासारखी. जन्मतःच अशी दोन तोंडांची झडप असलेली माणसं असतात आणि त्यांची झडप बिनतक्रार चालू शकते, हे अल्फिएरींना ठाऊक होतं. पुष्कळ शल्यविशारदांनी नाकं मुरडली. झडपेची मूळ रचना पूर्ववत करणं ही खरी दुरुस्ती, हा कसला जुगाड, असा सूर होता. टाका मात्र चालला.

तो अवघड नव्हता, हे जास्त महत्त्वाचं ठरलं. जे काम एका टाक्यात होतं ते कदाचित छाती न उघडताही करता येईल, हे कॅलिफोर्नियातले हृदयरोगतज्ज्ञ फ्रेड सेंट गोअर यांच्या डोक्यात आलं. १९९९ मध्ये त्यासाठी इव्हॅल्व्ह नावाची कंपनी निघाली. डुकरांवर प्रयोग झाले आणि २००३ मध्ये व्हेनेझुएलाची राजधानी काराकासमध्ये पहिल्यांदा माणसाच्या हृदयात ही क्लिप बसली. २००८ मध्ये युरोपने परवानगी दिली. २००९ मध्ये ॲबट कंपनीने इव्हॅल्व्ह विकत घेतली. ‘मिट्राक्लिप’ हे नाव आता सगळ्यांच्या तोंडी आहे.

शस्त्रक्रियेशी तिची समोरासमोर पहिली लढत झाली ती एव्हरेस्ट-२ या चाचणीत. २७९ रुग्ण, त्यांतले बहुसंख्य पहिल्या जातीचे, म्हणजे दारातच दोष असलेले. २०११ मध्ये निकाल आला. महिनाभरातली मोठी गुंतागुंत क्लिपच्या गटात १५ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात ४८ टक्के. हा फरक बराचसा रक्त चढवावं लागण्याचा होता. उलट, वर्षभरात गळतीसाठी शस्त्रक्रिया करावी लागली असे क्लिपच्या गटात २० टक्के निघाले, आणि शस्त्रक्रियेच्या गटात पुन्हा शस्त्रक्रिया लागली ती जेमतेम दोन टक्क्यांना. थोडक्यात, क्लिप सोसायला सोपी, पण दुरुस्ती शल्यविशारदाची जास्त पक्की. अमेरिकेने २०१३ मध्ये परवानगी दिली तीही फक्त झडपेचा स्वतःचा दोष असलेल्या आणि शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा रुग्णांसाठी.

युरोपात दरम्यान वेगळंच चाललं होतं. तिथे क्लिप मुख्यतः दुसऱ्या जातीच्या रुग्णांना बसवली जात होती, म्हणजे शल्यविशारद ज्यांना हात लावायला तयार नसत त्यांना. रुग्णांना बरं वाटत होतं, इकोत गळती कमी दिसत होती. पण बरं वाटणं आणि जगणं यांत अंतर असतं. ते मोजायला निघाल्या त्या या दोन चाचण्या.

टेबलावर काय होतं

रुग्णाला पूर्ण भूल दिलेली असते. अन्ननलिकेतून इकोचा प्रोब खाली सोडतात, कारण हृदय अन्ननलिकेला अगदी खेटून असतं आणि तिथून झडप स्वच्छ दिसते. उजव्या जांघेतल्या शिरेतून नळी आत जाते. ती सुमारे आठ मिलिमीटर जाड असते, शिरेच्या मानाने चांगलीच मोठी. शीर हृदयाच्या उजव्या बाजूला पोचवते आणि झडप आहे डाव्या बाजूला. म्हणून दोन वरच्या कप्प्यांमधल्या पातळ पडद्याला सुईने भोक पाडून पलीकडे जावं लागतं.

हे भोक कुठे पाडायचं यावर पुढचं अर्धं काम ठरतं. झडपेच्या पातळीपासून साधारण चार-साडेचार सेंटिमीटर उंचीवर, पडद्याच्या मागच्या बाजूला. खाली पडलं तर क्लिप वळवायला जागा पुरत नाही. इकोवाला डॉक्टर उंची मोजतो, सुई पडद्यावर टेकवतात, पडदा तंबूसारखा ताणलेला दिसतो. ‘अजून मागे’, ‘अजून थोडं’, आणि मग टोचतात. या कामात निम्मा हात इकोवाल्याचाच असतो. क्ष-किरणांच्या पडद्यावर क्लिपचा धातू दिसतो, पाकळ्या दिसत नाहीत.

क्लिप कोबाल्ट-क्रोमियमची, वरून पॉलिएस्टरचं कापड. कपड्यांच्या चिमट्यासारखे दोन हात, रुंदी चार-पाच मिलिमीटर. वरच्या कप्प्यात ते उघडतात, पाकळ्या जिथे मिटतात त्या रेषेला काटकोनात आणतात आणि झडपेतून खालच्या कप्प्यात उतरवतात. मग हळूहळू वर ओढतात. धडधडणाऱ्या हृदयात दोन्ही पाकळ्या क्लिपच्या हातांवर येऊन टेकायला हव्यात. एक टेकते, दुसरी निसटते. पुन्हा खाली, पुन्हा वर. दोन्ही नीट बसल्या की वरून बारीक दात असलेल्या पट्ट्या खाली पाडतात आणि चिमटा मिटतात.

पण लगेच सोडत नाहीत. आधी गळती किती उरली ते बघतात, पाकळ्या पुरेशा आत पकडल्यात का ते बघतात आणि रक्त खाली येण्याचा रस्ता फार अरुंद तर झाला नाही ना, हेही. झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला सरासरी फरक (रक्तदाबासारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजलेला) पाचच्या वर चालला तर सगळे सावध होतात. मनासारखं नसेल तर क्लिप उघडून पुन्हा पकडायची. शल्यविशारदाला हृदय थांबवून टाका घालावा लागतो आणि टाका कसा बसला हे हृदय पुन्हा चालू झाल्यावरच कळतं. इथे चालू हृदयातच निकाल दिसतो आणि सोडण्याआधी माघार घेता येते. या उपचाराची सगळ्यात सुंदर बाजू मला हीच वाटते. पुढे काही महिन्यांत क्लिपवर शरीराची ऊती चढते आणि दोन पाकळ्यांमध्ये कायमचा पूल तयार होतो. रुग्ण बहुधा दोन-तीन दिवसांत घरी जातो.

रस्ता अरुंद होण्याच्या या भीतीमुळेच आपल्याकडचा एक मोठा रुग्णवर्ग क्लिपच्या बाहेर राहतो. लहानपणी संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेली माणसं आपल्या देशात आजही पुष्कळ आहेत. त्यांच्या पाकळ्या जाड, आखडलेल्या, कडांना चिकटलेल्या असतात आणि झडपेचं तोंड आधीच लहान झालेलं असतं. ते चार चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर क्लिप लावायला डॉक्टर कचरतात. अरुंद तोंडाची दोन आणखी अरुंद तोंडं करून उपयोग काय? ‘वॉल्व्ह लीक आहे’ एवढं ऐकून क्लिपची चौकशी करणाऱ्यांना हे आधी सांगावं लागतं.

मग घोळ कुठे झाला?

म्युनिक आणि सॅन दिएगोनंतर जो तो दोन शोधनिबंध शेजारी ठेवून फरक शोधत बसला. फरक बरेच सापडले.

पहिला रुग्ण निवडीचा. कोॲप्टमध्ये विचारात घेतलेले रुग्ण १५७६ होते, त्यांतले ९११ अपात्र ठरले. एक केंद्रीय समिती प्रत्येक रुग्ण तपासत होती. याला सोसतील तेवढी सगळी औषधं देऊन झाली आहेत का? तरीही गळती तीव्रच आहे का? हो असेल तरच आत. औषधांनी गळती कमी होऊ शकेल असे रुग्ण दारातूनच परत गेले. खालचा कप्पा फारच फुगलेला, आकुंचन पावतानाही व्यास सात सेंटिमीटरच्या वर असेल तर त्यालाही प्रवेश नव्हता. फ्रान्समध्ये रोजच्या व्यवहारात जसे रुग्ण येतात तसे घेतले आणि औषधं पुढे डॉक्टरांनी आपापल्या पद्धतीने कमी-जास्त केली.

दुसरा फरक मोजमापाचा, आणि तो जरा गमतीशीर आहे. गळतीच्या भोकाचं क्षेत्रफळ इकोवरून काढतात. तेव्हाच्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत दुसऱ्या जातीची गळती २० चौरस मिलिमीटरपासून तीव्र धरली जायची, अमेरिकेत ३० पासून. त्यामुळे फ्रान्सची सरासरी ३१ आली, अमेरिकेची ४१. खालच्या कप्प्याचं आकारमान मात्र उलट. शरीराच्या आकाराच्या हिशेबाने फ्रान्समध्ये १३५ मिलिलिटर, अमेरिकेत १०१. म्हणजे फ्रान्सच्या रुग्णांची भिंत जास्त खचलेली आणि फट लहान. अमेरिकेच्या रुग्णांची भिंत त्या मानाने शाबूत आणि फट मोठी.

तिसरा हातोटीचा. वर्षभरानंतर तीव्र गळती उरलेले किंवा परतलेले रुग्ण फ्रान्समध्ये १७ टक्के होते, अमेरिकेत पाच.

मुदतीचा मुद्दाही निघाला. कोॲप्टमध्येही पहिल्या वर्षात मृत्यूंतला फरक फारसा दिसत नव्हता, तो दुसऱ्या वर्षात उघडा पडला. मग फ्रेंचांनी घाई केली का? नाही. २०१९ मध्ये त्यांनी दोन वर्षांचे आकडे दिले: मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरची भरती, दोन्ही धरून क्लिपच्या गटात ६३.८ टक्के, औषधांच्या गटात ६७.१. ठाम असा फरक तेव्हाही नव्हता.

या सगळ्यातून एक देखणा सिद्धांत उभा राहिला. अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ पॉल ग्रेबर्न, मिल्टन पॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला: गळती कप्प्याच्या फुगण्याच्या प्रमाणात आहे की प्रमाणाबाहेर, ते बघा. कप्पा जेवढा फुगलाय तेवढीच गळती असेल तर ती नुसतं लक्षण आहे, क्लिपने काही साधणार नाही, औषधांकडे लक्ष द्या. कप्प्याच्या मानाने गळती जास्त असेल तर गळती हाच आजार आहे आणि तिथे क्लिप कामी येईल. मित्रा-एफआर पहिल्या प्रकारची, कोॲप्ट दुसऱ्या. कोडं सुटलं.

मला हा सिद्धांत पहिल्यांदा वाचला तेव्हा इतका पटला की मी तो दोन-चार जणांना ऐकवलाही. नंतर फ्रेंचांनीच आपल्या चाचणीच्या नोंदींचा साठा पुन्हा चाळला. त्यांच्या रुग्णांतले मोठी फट आणि छोटा कप्पा असलेले, म्हणजे सिद्धांतानुसार कोॲप्टसारखे रुग्ण वेगळे काढून पाहिले. त्यांनाही फायदा दिसला नाही. गट लहान होते हे खरं. पण सिद्धांत जिथे सिद्ध व्हायला हवा होता तिथेच तो अडखळला.

मोजमापाच्या पायातही भुसभुशीतपणा आहे. भोकाचं क्षेत्रफळ काढताना इकोचं गणित असं धरून चालतं की रक्त भोकाकडे अर्धगोलाच्या आकारात गोळा होतं. दुसऱ्या जातीच्या गळतीत भोक गोल नसतंच, पाकळ्यांच्या रेषेत पसरलेली चंद्रकोर असते. त्यामुळे आकडा खरा असतो त्यापेक्षा लहान येऊ शकतो. शिवाय ही गळती दिवसागणिक बदलते. रक्तदाब चढलेला असताना काढलेला टू-डी इको आणि चार दिवस लघवीची गोळी नीट घेऊन सूज उतरल्यावरचा टू-डी इको, एकाच माणसाचे असले तरी दोन वेगळे रिपोर्ट निघतात. आपल्याकडे घरोघरी प्लास्टिकच्या फायलीत असे रिपोर्ट जपून ठेवलेले असतात. एकात ‘एमआर मॉडरेट’ (एमआर म्हणजे मायट्रलची गळती), पुढच्यात ‘सिव्हिअर’, आणि घरातले समजतात की आजार महिन्यात वाढला. तसं असेलच असं नाही. त्या दिवशी पेशंट कसा होता हेही बघावं लागतं.

तिसरा साक्षीदार

३१ ऑगस्ट २०२४. तीच युरोपीय परिषद, या वेळी लंडनमध्ये. रीशेप-एचएफ२ या तिसऱ्या चाचणीचा निकाल आला. नऊ देशांतली ३० केंद्रं, ५०५ रुग्ण. गंमत अशी की यांच्या गळतीचं भोक फ्रान्सच्या रुग्णांपेक्षाही लहान, २५ चौरस मिलिमीटरच्या आसपास. देखण्या सिद्धांताप्रमाणे इथे क्लिप फुकट जायला हवी होती. निकाल असा: हार्ट फेल्युअरसाठी भरती किंवा हृदयविकाराने मृत्यू, दर १०० रुग्णांमागे वर्षाला क्लिपच्या गटात ३७, औषधांच्या गटात ५८.९. नुसते मृत्यू पाहिले तर फरक ठाम ठरला नाही, पण दवाखान्याच्या फेऱ्या स्पष्ट कमी झाल्या.

त्याच वर्षी जर्मनीतून मॅटरहॉर्न चाचणी आली. दुसऱ्या जातीच्या गळतीसाठी २१० रुग्णांत क्लिप विरुद्ध शस्त्रक्रिया. वर्षभराच्या हिशेबात क्लिप मागे पडली नाही, आणि पहिल्या महिन्यातली मोठी गुंतागुंत तिच्या गटात १४.९ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात ५४.८.

मग मित्रा-एफआरचं काय? ती चुकली होती असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. औषधं पुरती बसवून होण्याआधी, कप्पा फार फुगल्यावर, हात पुरेसा बसलेला नसताना क्लिप लावली तर काय होतं, याचा तो प्रामाणिक पुरावा आहे. कुठल्याही मोठ्या शहरात नवीन उपचार पहिल्यांदा येतो तेव्हा तो कोॲप्टच्या शिस्तीत येत नाही, असाच येतो. भोकाचा एखादा आकडा बघून निर्णय घेता येईल ही आशा तिन्ही चाचण्यांनी मिळून मोडीत काढली. उरतं ते कष्टाचं काम: औषधं आधी पूर्ण ताकदीला न्यायची, मग पुन्हा इको करायचा आणि हार्ट फेल्युअरचा डॉक्टर, इकोवाला, क्लिप बसवणारा आणि शल्यविशारद यांनी एकत्र बसून त्या एका रुग्णाचं ठरवायचं.

कोॲप्टवर दोन आक्षेप मात्र उरतातच. कुणाला क्लिप आहे हे रुग्णाला आणि डॉक्टरांना माहीत होतं, आणि भरती करायचं की घरी पाठवायचं हा निर्णय माणसंच घेतात. मृत्यूच्या आकड्याला हा आक्षेप लागू होत नाही, म्हणून तो आकडा इतका वजनदार. दुसरा आक्षेप काळाचा. चाचणीत रुग्ण घेतले गेले २०१२ च्या शेवटापासून २०१७ च्या मध्यापर्यंत. हार्ट फेल्युअरमध्ये आज सर्रास दिली जाणारी काही औषधं, विशेषतः मूळची मधुमेहाची एसजीएलटी-२ गटातली गोळी, तेव्हा या आजारासाठी वापरात नव्हती. आजच्या औषधांनी काहींची गळती क्लिपची वेळ येण्याआधीच कमी होते. खर्च लाखांच्या घरात जात असताना हा मुद्दा आपल्याकडे जास्त टोचतो. २०२५ मध्ये गुजरातेत वापीच्या मेरिल कंपनीने ‘मायक्लिप’ नावाची देशी क्लिप आणली आहे. किंमत उतरली तर मागणी वाढेल, आणि मग निवड करणाऱ्यांचा कस लागेल.

मार्च २०१९ मध्ये अमेरिकेने दुसऱ्या जातीच्या गळतीसाठीही मिट्राक्लिपला परवानगी दिली ती कोॲप्टच्या बळावर. २०२३ मध्ये त्याच चाचणीचे पाच वर्षांचे आकडे आले. क्लिपच्या गटातले ५७.३ टक्के दगावले होते, औषधांच्या गटातले ६७.२ टक्के. मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरची भरती, दोन्ही धरून पाहिलं तर ७३.६ आणि ९१.५ टक्के. फट बुजवली तरी खचलेली भिंत खचलेलीच होती.

आणि या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडली आहे. औषधांच्या गटातल्या रुग्णांना दोन वर्षं पूर्ण झाल्यावर हवी असल्यास क्लिप घेण्याची मुभा होती. त्या ३१२ जणांपैकी ६७ जणांनी ती घेतली. मुभा मिळेपर्यंत त्या गटातले जवळपास निम्मे उरलेच नव्हते.